जुने सामान, नवे घर



काल या व्यासपीठावर लोकशाहीवर व्याख्यान झाले, उद्या ज्ञानेश्वरीवर होणार आहे, आणि या दोहोंच्या मध्ये मी तुमच्यापुढे खुर्च्या, कपाटे आणि पाट-चौरंग घेऊन उभा आहे. हा विषय व्याख्यानमालेचा की सुताराच्या दुकानाचा, अशी शंका तुमच्यापैकी काहींच्या मनात आली असेल. ज्यांना ती आली असेल त्यांनी सध्या वाशीच्या जुन्या सेक्टरांतून एक फेरी मारावी. सिडकोने बांधलेल्या कित्येक इमारती जीर्ण झाल्या, धोकादायक ठरल्या, आणि आता पुनर्विकासासाठी एकामागून एक रिकाम्या होत आहेत. घर सोडावयाचे, काही वर्षे भाड्याच्या जागेत काढावयाची, आणि मग त्याच भूमीवर उभ्या राहिलेल्या उंच इमारतीत परत यावयाचे. म्हणजे सगळे सामान दोनदा उचलावयाचे. अशा वेळी घराघरांत जो वाद होतो तो माझा आजचा विषय आहे. आजोबांची आरामखुर्ची न्यावयाची की नाही? मुलगा म्हणतो, नव्या घरात तिला जागा नाही. आजोबा काहीच म्हणत नाहीत, ते त्या खुर्चीत जाऊन बसतात. आणि दाराशी भंगारवाला उभा असतो. तो कोणाचीच बाजू घेत नाही; तो फक्त वजन करतो.

आपले शहर वयाने लहान आहे. खाडीपलीकडे नवे शहर वसवावे ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली 'मार्ग' या नियतकालिकातून मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि १९७३ साली खाडीवर पूल झाला. त्या पुलावरून ट्रकांत भरून जे सामान आले ते गिरगावातल्या, लालबागच्या, दादरच्या दोन खोल्यांतले होते: लोखंडी खाट, पत्र्याची ट्रंक, भिंतीवरचे लंबकाचे घड्याळ, एखादी वेताची आरामखुर्ची. पुढे मुंबईचे घाऊक बाजार इकडे हलले तेव्हा माथाडी कामगारांची कुटुंबे कोपरखैरण्याला आली आणि साताऱ्याकडची, जुन्नरकडची घडवंची किंवा पेटी एस.टी.च्या टपावरून इथे येऊन पोचली. आणि ज्यांना कुठूनच यावयाचे नव्हते, ज्यांच्या जमिनीवर हे शहर उभे राहिले, त्या ९५ गावांतल्या आगरी-कोळी घरांत ओटी होती, झोपाळा होता, भाताची कणगी होती. तेव्हा 'जुने फर्निचर' म्हटले की मासिकांतल्या रंगीत चित्रांत संस्थानिकांच्या महालातला जो कोरीव शिसवी कोच दिसतो तो आपण बाजूला ठेवू. तो आपला नव्हे. आपले जुने म्हणजे ट्रंक, खाट, फडताळ, पाट आणि झोपाळा. त्याच्याशी नव्याची मोट कशी बांधावयाची, एवढाच प्रश्न आहे.

थोडे शब्दांकडे पाहू. शब्द पुष्कळदा वस्तूंपेक्षा प्रामाणिक असतात. खुर्ची हा शब्द अरबी, मेज फारसी, अलमारी पोर्तुगीज, टेबल आणि कोच इंग्रजी. पाट आणि पलंग तेवढे संस्कृतातून उतरलेले. कपाटाची तर मौजच आहे. संस्कृतात 'कपाट' म्हणजे दाराची फळी. म्हणून तर बद्रीनाथचे 'कपाट' उघडले अशी बातमी दर वर्षी येते. आपल्या जुन्या घरांत सामान ठेवावयाची जागा भिंतीतच असे. उघडी असली तर कोनाडा, फळ्या घातल्या तर फडताळ, आणि त्याला दारे लागली की त्या दारांचेच नाव आतल्या पोकळीला मिळाले असावे, असे मला वाटते. म्हणजे मराठी घरात मुळी 'फर्निचर' ही चीज फारशी नव्हतीच. दोन-दोन हात जाडीच्या भिंती तिचे काम करीत. बसणे जमिनीवर, जेवणे जमिनीवर, लिहिणे जमिनीवर, आणि पाहुणा मोठा असला तर गादी, लोड आणि तक्के. दिवसा गाद्या गुंडाळल्या की झोपावयाच्या खोलीचे माजघर झाले! आज ज्याला एकाच खोलीचा अनेक प्रकारे उपयोग म्हणतात, आणि ज्यासाठी भिंतीत मिटणाऱ्या पलंगाला मोठी किंमत मोजतात, ते आपल्या आजीने एका वळकटीत साधले होते.

यावरून मला जे सांगावयाचे आहे ते असे. आपल्या घरात जुन्याचे आणि नव्याचे भांडण रंगाचे नाही, नक्षीचेही नाही. ते उंचीचे आहे. पाट दोन बोटे उंच, चौरंग वीतभर, मुनिमाचे उतरते डेस्क हातभर. आणि खुर्चीची बैठक सतरा-अठरा इंच, टेबल तीस इंच. पहिल्या कुळातल्या वस्तू जमिनीवर बसणाऱ्या माणसासाठी घडल्या, दुसऱ्या कुळातल्या पाय लोंबकळत ठेवणाऱ्यासाठी. ही दोन कुळे एका रांगेत बसवली की बिघडते. सोफ्यापुढे चौरंग ठेवलेला मी पुष्कळ घरांत पाहिला आहे. दिसतो तो छान. पण चहाचा कप उचलताना पाहुण्याला जो नमस्कार घालावा लागतो तो यजमानाला उद्देशून नसतो. मग कोणीतरी चौरंगाला पितळी नळ्यांचे पाय ठोकून तो उंच करतो, आणि चौरंगही जातो आणि टेबलही होत नाही.

उपाय सोपा आहे. दोन उंच्या एकमेकींत मिसळू नयेत, शेजारी शेजारी ठेवाव्यात. खोलीचा खिडकीकडचा कोपरा जमिनीला द्यावा. तिथे जाड गादी, दोन लोड, चौरंग, आणि चौरंगावर दिवा किंवा पुस्तके. उरलेल्या भागात सोफा-खुर्च्या खुशाल नव्या असोत. डोळ्याला दोन पातळ्या स्पष्ट दिसल्या की त्यांच्यात वैर वाटत नाही. ओटी आणि अंगण यांच्यात कधी वाटले का? नेरुळला एका गृहस्थांच्या छोट्या घरात मी हे पाहिले. त्यांच्या वडिलांचे कारकुनी उतरते डेस्क अशाच कोपऱ्यात होते, आणि त्यापुढे मांडी घालून त्यांची नात लॅपटॉप चालवीत बसली होती. डेस्कच्या खालच्या कडेला एक बारीक पट्टी असते. ती लेखणी घरंगळू नये म्हणून सुताराने लावलेली. आता ती लॅपटॉपला आधार देते.

इथे एक गोष्ट मात्र विचारात घेतली पाहिजे, कारण ती आपण नेमकी उलटी करतो. घरातले जुने सामान आपण घरातल्या जुन्या माणसांच्या वाट्याला देतो. आजीच्या खोलीत पाट, आजोबांच्या खोलीत आरामखुर्ची, आणि तरुण मंडळींकडे नवे ते सगळे. वस्तुतः पंच्याहत्तरीच्या गुडघ्यांना पाटावर बसवत नाही, आणि बसवले तरी उठवत नाही. लांब हातांची ती वेताची आरामखुर्ची तर त्याहून कठीण. तिची बैठक बुटकी आणि मागे उतरती, आणि वेत सैल झाला की माणूस झोळीत पडावा तसा तिच्यात पडतो. दुपारी पेपर तोंडावर घेऊन झोपावयास ती उत्तम; पण उठताना आधार धरावयाचा कशाला? वृद्ध माणसाला हवी ताठ पाठीची, घट्ट बैठकीची, दोन्ही हात भक्कम असलेली खुर्ची, आणि ती आज नव्या बनावटीत चांगली मिळते. म्हणून माझे म्हणणे असे, की नवी खुर्ची आजोबांना द्या आणि आरामखुर्ची कॉलेजात जाणाऱ्या नातवाला. ती कोठल्या खोलीत असावी हे मात्र आजोबांनी ठरवावे. माणसाला आपल्या वस्तूत बसता आले नाही तरी चालते. ती नजरेआड झाली की चालत नाही.

झोपाळ्याविषयी थोडक्यात. तो जमीन आणि खुर्ची या दोहोंच्या मधला, म्हणून दोन्हींशी जमवून घेतो. अडचण उंचीची नसून झोक्याची आहे. पुढे-मागे मिळून पाच-सहा फूट मोकळी जागा नसेल तर त्याला कड्या लावून नुसते लटकवू नये, तो रोज कोणाच्या तरी नडगीला लागेल. बेलापूरला कोरियांनी १९८३ ते १९८६ या काळात 'आर्टिस्ट्स व्हिलेज' बांधले, त्यात सात-सात घरांच्या मध्ये एक अंगण ठेवले होते. त्या बैठ्या घरांच्या पुढच्या सोप्यात झोपाळा आपोआप शोभला असता. त्यांपैकी पुष्कळ घरांवर आता मजले चढले आहेत. ज्यांचा सोपा शिल्लक आहे त्यांचा मला हेवा वाटतो.

आता नव्याकडे वळू. तुर्भ्याला आयकियाचे भांडार १८ डिसेंबर २०२० रोजी उघडले, तेव्हापासून या शहरात दोन पक्ष पडले आहेत. एक पक्ष दर रविवारी तिथे जातो. दुसरा म्हणतो, हे कसले फर्निचर, खोक्यात घालून आणावयाचे आणि घरी स्क्रू पिळत बसावयाचे. या दुसऱ्या पक्षाला मी एक जुनी हकीकत सांगू इच्छितो. धोबीतलावच्या कयानी किंवा तसल्या एखाद्या इराण्याकडे आपण ज्या काळ्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्चीवर बसून बनमस्का खाल्ला, ती खुर्ची मूळची मिखाएल थोनेट नावाच्या कारागिराची. बीचचे लाकूड वाफेवर मऊ करून तो ते वाकवीत असे. त्याची १४ क्रमांकाची खुर्ची १८५९ सालची. तिचे भाग सहा, स्क्रू दहा. सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एक मीटर लांबी, रुंदी, उंचीच्या खोक्यात मावत, आणि जिथे पोचत तिथे जोडल्या जात. म्हणून तर ती खुर्ची युरोपातून साता समुद्रांपलीकडे, मुंबईपर्यंत येऊ शकली. इंग्वार काम्प्राड याने १९४३ साली स्थापलेल्या आयकियात टेबलाचे पाय काढून ते सपाट बांधण्याची युक्ती निघाली १९५६ साली. त्याला जवळपास शंभर वर्षे आधी इराण्याची खुर्ची खोक्यातून प्रवास करीत होती. जिला आपण जुन्या मुंबईचा आत्मा म्हणून गळा काढतो ती त्या काळातली खोक्यातली खुर्चीच होती. तेव्हा या दोघी एका टेबलाभोवती बसवा; नाते जुळते. आणि गोदरेजच्या लोखंडी कपाटाचेही तेच. कारखान्याने ती कपाटे १९२३ साली करावयास घेतली, तेव्हा शिसवी पेटाऱ्यांच्या घरांत तो पत्र्याचा डबा किती ओबडधोबड दिसला असेल! पुढे तो लग्नातल्या मानाच्या वस्तूंत जाऊन बसला. आता नातसून त्याला निळा रंग देऊन दिवाणखान्यात ठेवते आणि पाहुणे विचारतात, हे कुठे मिळाले?

म्हणून जुने ते चांगले असे मी म्हणणार नाही. जुने तेही चांगले आणि वाईट असते. वाईटातले बरेचसे मोडून गेले म्हणून उरलेले चांगले दिसते, इतकेच. निवड करावयाची ती आपल्या हवेकडे पाहून. इथे एकीकडे खाडी, दुसरीकडे पारसिकचा डोंगर, आणि मध्ये चार महिने धो धो पाऊस. भुसा आणि गोंद दाबून केलेल्या फळीच्या कडेत पाणी शिरले की ती फुगते, आणि फुगलेली परत बसत नाही. शिवाय तिच्यात एकदा पिळलेला स्क्रू काढून पुन्हा त्याच भोकात बसवला की पहिली पकड राहत नाही. ज्यांना सामान दोनदा हलवावयाचे आहे त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. उलट सागवानाचा जुना पलंग कुसवांवर आणि पाचरींवर जोडलेला असतो. पाचर ठोकून काढली की चारी गाते सुटतात, आणि दहा वेळा सुटून दहा वेळा बसतात. खारट हवेत लोखंडी कपाट सडते ते नेहमी तळाकडून, फरशी पुसण्याच्या पाण्याने. त्याच्याखाली दोन इंचांचे लाकडी ठोकळे घातले की त्याचे आयुष्य वाढते. आणि कोणतेही लाकूड पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला चिकटवू नये, मध्ये चार बोटे वारा खेळू द्यावा.

पॉलिशबद्दल पुष्कळांचा गैरसमज असतो. जुन्या लाकडावर लाखेचे पॉलिश असते. ते स्पिरिटमध्ये विरघळते आणि उष्णतेने मऊ पडते, म्हणून गरम कप ठेवला की पांढरे कडे उमटते. लोक वैतागतात आणि त्यावर तेलरंग मारतात. असे करू नये. जे विरघळते ते दुरुस्तही होते; पॉलिशवाला बोळा फिरवून ते कडे अर्ध्या तासात घालवतो. जुने विकत घेताना नक्षीकडे नंतर पाहा, आधी वस्तू उलटी करा. खाली पिठासारखी लाकडाची बारीक भुकटी पडत असेल तर आत कीड आहे, आणि ती तुमच्या नव्या कपाटांची पाहुणी होणार आहे. चोरबाजारात किंवा जोगेश्वरीच्या ओशिवरा बाजारात जुन्यासारखे दिसावे म्हणून मुद्दाम ओरखडे पाडलेले नवे लाकूडही मिळते. त्याच्यापेक्षा सरळ नवे घ्यावे. खुर्चीची वेताची जाळी फाटली असेल तर मात्र भिऊ नका. वेत विणणारे कारागीर अजून आहेत, आणि अंध कारागिरांना हे काम शिकविण्याची मुंबईत जुनी परंपरा आहे.

एका गोष्टीवर जरा थांबतो. अलीकडे जुन्या घराचे खांब, कोरीव चौकटी आणि दारे दिवाणखान्यात उभी करण्याची हौस वाढली आहे. दाराची काच टाकून टेबल करतात, तुळईचे बाक करतात. लाकूड वाया जाण्यापेक्षा हे बरे, हे मी मान्य करतो. पण ती दारे येतात कुठून? कोकणातली घरे बंद पडतात तिथून, आणि आपल्या पायाखालूनही. विमानतळासाठी पनवेल-उलव्याकडची दहा गावे उठली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. ज्या जमिनींसाठी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात पाच शेतकरी हुतात्मा झाले, त्या जमिनींवर अशी घरे होती. घर मोडताना दार विकणाऱ्याला लाकडाची किंमत मिळते, आणि ते दार शहरात पोचेपर्यंत 'पुरातन' होऊन त्याची किंमत कितीतरी पटींनी वाढते. चंदीगडलाही असेच झाले. पियेर जानरे याने तिथल्या सरकारी कचेऱ्यांसाठी सागवान आणि वेताच्या ज्या साध्या खुर्च्या करविल्या, त्या मोडक्या म्हणून गच्च्यांवर ढीग घालून पडल्या, भंगारात लिलावाने गेल्या, आणि युरोप-अमेरिकेत लाखो रुपयांना विकल्या जाऊ लागल्या. मग २०११ साली केंद्र सरकारला त्यांची विक्री थांबविण्याचा आदेश काढावा लागला. तेव्हा गावठाणातल्या माझ्या श्रोत्यांना माझी विनंती आहे, की घर नवे बांधताना ओटीचे दार विकू नका. ते सिमेंटच्या घराला बसते. चौकट दोन इंच इकडे-तिकडे केली की झाले. आणि सोसायट्यांतल्या मंडळींनी असे दार घ्यावयाचेच असेल तर ते कोठल्या गावचे, कोठल्या घरचे, हे विचारून घ्यावे. विकणाऱ्याला ते सांगता आले नाही, तर भाव करताना तेही लक्षात असू द्यावे.

किती जुने ठेवावे, असे मला नेहमी विचारतात. साडेचारशे फुटांच्या घरात माझे उत्तर असे, की एका खोलीत एक वस्तू, फार तर दोन, आणि त्या वस्तूला रोजचे काम असावे. ट्रंकेत गोधड्या असाव्यात, तिच्यावर नुसती फुलदाणी नसावी. सावंतवाडीचा रंगीत पाट भिंतीवर टांगण्यापेक्षा सणासुदीला त्याच्यावर कोणीतरी बसावे. ज्या वस्तूला काम नाही तिची धूळ पुसावयाचे काम कोणाच्या तरी गळ्यात पडते, आणि ते बहुधा घरातल्या बाईच्याच. पुरुषांच्या जुन्याच्या प्रेमात हा हिशेब क्वचितच धरलेला असतो. म्हणून काय ठेवावयाचे हे ठरविताना जो ते पुसणार त्याचे मत दोन मतांएवढे धरावे, अशी माझी सूचना आहे. हसता काय, या व्याख्यानातला सर्वांत व्यावहारिक मुद्दा हाच आहे.

अध्यक्षांनी एक चिठ्ठी पुढे केली आहे. प्रश्न असा, की जुने लोखंडी कपाट नव्या इमारतीच्या लिफ्टमध्ये जाईल का? बहुधा जाईल. नेहमीचे कपाट साधारण साडेसहा फूट उंच आणि तीन फूट रुंद असते, खोली दीड फुटाच्या आसपास. ते उभेच न्यावे, आडवे करू नये, म्हणजे दारांची बिजागरे वाकत नाहीत. लिफ्टच्या दाराची उंची-रुंदी आणि घराच्या दाराशी असलेले वळण आधी टेपने मोजून घ्यावे. आणि हलविण्यापूर्वी आतला चोरकप्पा रिकामा करावा. तेवढी किल्ली आजपासूनच शोधावयास घ्या. कित्येक घरांत ती कोणाजवळ आहे हे वीस वर्षांत कोणी विचारलेले नसते.